तुमचा पेपर कुणीतरी वाचायला हवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या मागच्या लेखावर ‘एक हंगामी प्राध्यापक’ या नावाने मोठी प्रतिक्रिया आली आहे. माहिती प्रणाली, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या बोलीत एमआयएस, या विषयात संशोधन करणाऱ्यांनी पैसे घेऊन आठवडाभरात पेपर छापणाऱ्या जर्नलांच्या वाटेला जाऊ नये, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. प्रतिक्रियेतलं म्हणणं थोडक्यात असं : कायम नोकरीत बसून उपदेश करणं सोपं असतं, अकरा महिन्यांच्या करारावर शिकवणाऱ्याला दर मुलाखतीत ‘पेपर किती?’ हेच विचारतात. चांगली जर्नलं दोन-तीन वर्षं घेतात आणि वर नकार कळवतात. शिवाय ती जर्नलं म्हणजे अमेरिका-युरोपातल्या मंडळींचा क्लब, तिथे बडोद्याचं कोण वाचणार? शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते : ‘तीन हजार रुपयांत माझी नोकरी टिकत असेल, तर तुम्हाला त्रास काय?’

त्रास आहे, आणि तो सांगतेच. आधी मुदतीचं बोलू.

अकरा महिन्यांचा करार आणि पेपर छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकारांकडून होणारं तीन वर्षांचं परीक्षण यांचा मेळ बसत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. ही व्यवस्था तुम्ही उभी केलेली नाही. २०१० च्या नियमांत यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एपीआय नावाची गुणपद्धत आणली, प्राध्यापकाचं काम गुणांत मोजलं जाऊ लागलं आणि पेपर ही मोजायची वस्तू झाली. मागणी आली तसे पुरवठादारही आले. मग यूजीसीने मान्य जर्नलांची यादी काढली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातली ४,३०५ जर्नलं स्वतःच वगळली. पुढे यूजीसीचीच केअर नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता कुठलं जर्नल धरायचं आणि कुठलं सोडायचं हे संस्थांनी आणि आपण ठरवायचं आहे. या धरसोडीचा फटका तुमच्या पिढीला बसला. माझ्या पिढीला तेवढा बसला नाही.

तरीही नियम एकदा मुळातून वाचा, अशी विनंती आहे. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या अर्जांची छाननी करण्यासाठी २०१८ च्या नियमांत जो तक्ता आहे, त्यात पीएचडीला ३० गुण आहेत. पेपरला प्रत्येकी २ आणि सगळे मिळून जास्तीत जास्त १०. म्हणजे सहाव्या पेपरला गुण नाही. हे गुणही मुलाखतीला कुणाला बोलवायचं एवढ्यापुरते. निवड मुलाखतीवर होते. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे, ही देशभराची सक्ती नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी काढून टाकली. एखाद्या विद्यापीठाने ती आपल्या पातळीवर ठेवली असेल, म्हणून लेखी विचारून घ्या. पण ‘सगळीकडे असंच आहे’ या ऐकीव माहितीवर पदरचे पैसे घालवू नका. दहा-बारा पेपर विकत घेऊन बसलेली हुशार मुलं मी पाहते तेव्हा जीव तुटतो.

आता तीन हजार रुपयांकडे येते. त्या पैशांत काय मिळतं ते आपण दोघांनीही पाहिलं आहे. पेपर पाठवल्यावर दोन दिवसांत ‘स्वीकारला’ असा मेल, त्यात यूपीआयचा क्यूआर कोड, पैसे भरल्यावर सोनेरी चौकटीचं प्रमाणपत्र. पानाच्या वरच्या बाजूला आयएसएसएन क्रमांक आणि इम्पॅक्ट फॅक्टर. आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा क्रमांक आहे, भारतात तो दिल्लीतल्या निस्पर या संस्थेकडून मिळतो, आणि मजकुराच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा संदर्भ इतरांनी सरासरी किती वेळा घेतला याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी तिच्या अहवालात देते; त्या अहवालात जर्नलचं नावच नसेल, तर पानावर छापलेला आकडा कुणीतरी मनाने घातलेला असतो. पैसे घेणं हा गुन्हा नव्हे, हेही सांगते. वाचकाला फुकट वाचता यावं म्हणून लेखकाकडून शुल्क घेणारी प्रामाणिक जर्नलं आहेत. उलट नावाजलेल्या प्रकाशकाचं छत्र असूनही घात होऊ शकतो : वायलीने विकत घेतलेल्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेला २०२३ या एका वर्षात ८,००० हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले.

त्या सगळ्या व्यवहारात एक कागद येत नाही, तो म्हणजे परीक्षकाचा अहवाल. जर्नलने लेखकाला द्यायची खरी वस्तू तीच. तिची किंमत काय असते ते एका उदाहरणाने सांगते.

माझ्या एका विद्यार्थिनीने बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांवर काम केलं. प्रश्न साधा : ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलेल्या कारखान्यांत ते स्वीकारलं जातं का? आधार टॅमचा, म्हणजे लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या मांडणीचा. फ्रेड डेव्हिस यांचा १९८९ चा एमआयएस क्वार्टर्लीमधला पेपर. एखादी प्रणाली उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, या दोन गोष्टींवर तिचा वापर ठरतो, हे त्याचं सार. आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांत तो असतो. तिने प्रश्नावली भरून घेतली, एक ते पाच अशी उत्तरं, आकडेमोड चोख, सगळी गृहीतकं सिद्ध. पेपर एका चांगल्या जर्नलला गेला आणि काही महिन्यांनी नकार आला. सोबत दोन परीक्षकांचे अहवाल होते. त्यातल्या एकाने विचारलं होतं : प्रश्नावली कुणी भरली? मालकाने की संगणकावर बसणाऱ्याने? डेव्हिस यांच्या अभ्यासात १५२ वापरकर्ते होते आणि प्रत्येकजण स्वतः वापरलेल्या प्रोग्रामबद्दल बोलत होता. तुमच्या अभ्यासात ‘उपयोगी आहे’ म्हणणारा आणि रोज वापरणारा हा एकच माणूस आहे का?

नव्हता. बहुतेक ठिकाणी मालकांनी केबिनमध्ये बसून प्रश्नावली भरली होती. माझी विद्यार्थिनी पुन्हा मकरपुऱ्याला गेली, या वेळी अकाउंटंटच्या टेबलापाशी बसायला. माल दारात येतो, बिल दोन दिवसांनी येतं, पण मशीनवर काम थांबवता येत नाही. बिलाची नोंद झाल्याशिवाय ईआरपी तो माल गोदामातून बाहेर सोडत नाही. मग अकाउंटंट काय करतो? एका लांबट रजिस्टरमध्ये पेन्सिलीने खरा हिशेब ठेवतो आणि बिल आलं की मागच्या तारखेच्या नोंदी संगणकात चढवतो. मालकाच्या मोबाईलवर दिसणारा साठा दोन दिवस शिळा असतो, आणि मालक मनापासून ‘पूर्णपणे सहमत’ला खूण करतो. त्या रजिस्टरमुळे पेपरचा कणाच बदलला. स्वीकार झाला की नाही, हा प्रश्न मागे पडला. कुणाच्या कष्टावर तो स्वीकार उभा आहे, हा पुढे आला. सुधारलेला पेपर दुसऱ्या जर्नलने एका फेरदुरुस्तीनंतर घेतला.

तीच पहिली प्रत तीन हजार भरून आठवड्यात छापली असती, तर काय झालं असतं? पुढच्या कुणीतरी ती संदर्भ म्हणून घेतली असती, एखाद्या सल्लागाराने ‘बडोद्यातल्या लघुउद्योगांत ईआरपी यशस्वी’ अशी स्लाइड केली असती, आणि तो अकाउंटंट रात्री उशिरापर्यंत बसतच राहिला असता. मला त्रास होतो तो याचा. परगावच्या एका अनोळखी माणसाने, एक पैसा न घेता, आमच्या विद्यार्थिनीचा पेपर ओळ न ओळ वाचला. तसं वाचलं जाणं हा तुमचाही हक्क आहे. तो तुम्ही पैसे देऊन सोडून देता आहात.

क्लबच्या आरोपात तथ्य आहे. आपल्या विषयातल्या ज्येष्ठ मंडळींनी निवडक जर्नलांची ‘बास्केट’ ठरवली, २०११ मध्ये तिच्यात आठ नावं होती, २०२३ मध्ये अकरा झाली. तिथले संपादक, परीक्षक आणि लेखक फार मोठ्या प्रमाणात मोजक्या देशांतले असतात. इंग्रजीचा आणि सिद्धान्ताच्या भाषेचा उंबरठा उंच आहे. पण ‘बडोद्याचं कोण वाचणार’ यावर मात्र माझं मत वेगळं आहे. १९९९ मध्ये जेफ वॉल्शम आणि सुंदीप सहाय यांचा पेपर एमआयएस क्वार्टर्लीत आला. विषय : भारतातल्या जिल्हा प्रशासनात नकाशांची संगणक प्रणाली, म्हणजे जीआयएस, का रुजली नाही. पडीक जमिनीच्या विकासासाठी प्रणाली दिली गेली, पण नकाशा समोर ठेवून निर्णय घेण्याची सवयच जिल्ह्याच्या कारभारात नव्हती. हा आपल्या कलेक्टर कचेरीतला प्रश्न, आणि तो त्या विषयाच्या सगळ्यात मानाच्या जर्नलमध्ये छापला गेला. तिथे लागतो तो नीट पाहिलेला तपशील, आणि तो तपशील बाहेरच्यापेक्षा आपल्याला सहज मिळतो. डिसेंबर २०२३ मध्ये या विषयाची सर्वांत मोठी परिषद, आयसीआयएस, हैदराबादला भरली होती.

आणि थेट बास्केटवर उडी मारायला कोण सांगतंय? इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी फॉर डेव्हलपमेंट हे जर्नल आहे, विकसनशील देशांतल्या माहिती प्रणालींना वाहिलेलं इलेक्ट्रॉनिक जर्नल आहे, आयआयएम अहमदाबादचं ‘विकल्प’ १९७६ पासून निघतं आहे. आयसीआयएससारख्या परिषदांतही पेपर परीक्षण होऊनच घेतात आणि त्याचा निकाल काही महिन्यांत लागतो, तीन वर्षं लागत नाहीत. करार अकरा महिन्यांचा असेल, तर ही वाट आधी धरा.

वाचायला मिळण्याची अडचण तुम्ही लिहिली नाहीत, पण ती खरी आहे. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत सुमारे १३,००० जर्नलं सरकारी संस्थांना खुली झाली. खासगी विनाअनुदानित कॉलेजात शिकवणारे सध्या बाहेर राहिले आहेत, आणि हंगामी माणसं तिथेच जास्त आहेत. हा अन्याय आहे. आमच्या याच बडोद्यात १९१० साली सयाजीरावांनी बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेतून आणून गावोगाव ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, आणि १९१२ मध्ये बडोद्यातून ग्रंथालयांना वाहिलेलं एक त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघू लागलं. माहिती कुणाच्या हातात पोचते, याची काळजी घेण्याची परंपरा या शहराला आहे. मकरपुऱ्याच्या मालकांसाठी त्या पेपरचं चार पानी गुजराती टिपण करावं, असा मी आग्रह धरला तो त्यामुळेच. तुमचं काम बडोद्याने वाचावं असं वाटत असेल, तर जर्नलच्या जोडीला हेही करायला हवं.

राहिलं कायम नोकरीचं. हो, माझी नोकरी कायम आहे, आणि म्हणूनच हे बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे येते. निवड समितीपुढे तुम्ही हे बोलावं अशी माझी अपेक्षा नाही. समितीवर बसणाऱ्या माझ्यासारख्यांनी उमेदवाराला यादी मागण्याऐवजी त्याने स्वतः निवडलेला एक पेपर मागावा, तो आदल्या रात्री वाचावा आणि त्यावर प्रश्न विचारावेत. जर्नलच्या आकड्यापेक्षा कामाचा मजकूर पाहा, हे संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी जिथे बसते तिथे असं करते, आणि जे करत नाहीत त्यांच्याशी भांडते.

तुमचा पेपर तयार असेल तर मला पाठवा. आम्ही काही शिक्षक महिन्यातून एकदा शनिवारी एकमेकांचे मसुदे वाचायला बसतो. नाव काढून टाकलेली प्रत चालेल, तुम्ही कोण हे कुणी विचारणार नाही. दोघेजण वाचतील आणि लेखी अहवाल देतील. प्रश्नावली वापरली असेल तर तीही सोबत जोडा, आणि ती कुणी, कुठे बसून भरली तेवढं वरच्या कोपऱ्यात लिहा.