‘चार पेगांत पैसे वसूल’ हा हिशोब चुकलाय

गेल्या आठवड्यात आमच्या पार्ल्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच माहेरच्या ग्रुपवर. रविवारी ताईने तो तिसऱ्यांदा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आपणही घेऊन टाकूया का गं?’ दिवाळीनंतर आम्ही सातजण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघतोय, म्हणून हा प्रश्न.

मेसेज थोडक्यात असा: ‘क्रूझला जाताय तर ड्रिंक्स पॅकेज घ्याच, तेही आधी. जहाजावर एक ड्रिंक वीस डॉलर, पॅकेज दिवसाला सत्तर. चार पेगांत पैसे वसूल, पुढचं सगळं फुकट आणि हवं तितकं. सर्व्हिस चार्जची कटकट नाही. पॅकेज नसेल तर पाण्यालाही पैसे पडतात. ग्रुपमध्ये एकाने घेतलं तरी सगळ्यांचं भागतं. मुंबई–गोवा क्रूझलाही हेच लागू.’

ताईला फोनवर उत्तर दिलंच. पण हा मेसेज वाचून कितीतरी घरांतून पैसे भरले जात असतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तो वीस डॉलरचा आकडा. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर साधं कॉकटेल साधारण बारा-चौदा डॉलरला मिळतं, बिअर आठ-नऊला. डॉलर ९० रुपये धरला तर बारा डॉलर म्हणजे १,०८० रुपये. लोअर परळ किंवा बीकेसीच्या बऱ्यापैकी बारमध्ये कॉकटेलला आपण जवळपास तेवढेच देतो. बिअर मात्र आपल्या परमिट रूमच्या मानाने खूपच महाग, हे खरं. वीस डॉलरचे ग्लासही असतात, चांगली सिंगल माल्ट वगैरे. पण एका ग्लासची किती किंमत पॅकेजमध्ये बसते, यालाच मर्यादा असते. रॉयल कॅरिबियन या मोठ्या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर ती बराच काळ १४ डॉलर आहे. ग्लास त्याहून महाग असेल तर वरचा फरक आपण भरायचा. म्हणजे मेसेजने ज्या वीस डॉलरच्या पेगावर गणित मांडलंय, तो पेग तिथे पॅकेजमध्ये पूर्ण बसतच नाही.

आता सर्व्हिस चार्ज. तो पॅकेजमध्ये धरलेला असतो, असं मेसेज म्हणतो. बहुतेक ठिकाणी पॅकेजच्या जाहिरातीतल्या दरावर तो वेगळा चढतो. रॉयल कॅरिबियनवर १८ टक्के. म्हणजे ७० चे झाले ८२.६०. सुट्या ड्रिंकवरही तेवढाच चढतो, म्हणून १२ चे १४.१६. एकाला दुसऱ्याने भागलं की ५.८३ येतात. याचा अर्थ रोज सहा कॉकटेल, किंवा बिअरच पिणाऱ्याला रोज नऊ बिअर. आणि हे दर दिवशी. एका रात्री आठ झाली म्हणून दुसऱ्या दिवशीच्या दोन चालतील, पण चार रात्रींची बेरीज चोवीसला पोचायलाच हवी.

इथेच मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण हा ‘दिवस’ कुणी नीट मोजत नाही. पॅकेज सहसा जितक्या रात्री तितक्या दिवसांचं, संपूर्ण प्रवासाचं घ्यावं लागतं. मधला एखादाच दिवस घेता येत नाही. सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी चार रात्रींची फेरी घ्या. पहिल्या दिवशी मरिना बे क्रूझ सेंटरला रांग, पासपोर्ट, मग केबिन, मग लाइफ जॅकेटची कवायत. हातात ग्लास येईपर्यंत संध्याकाळ होते. दुसऱ्या दिवशी पेनांग, तिसऱ्या दिवशी फुकेत. तिथे उतरून दुपारी जे काही प्याल ते किनाऱ्यावरच्या हॉटेलात, त्याचे पैसे वेगळे. जहाजावर परत येऊन अंघोळ, जेवण, शो. चौथा दिवस समुद्रात, हा एकच खरा पूर्ण दिवस. पाचव्या दिवशी सकाळी नाश्ता आटोपून बॅगा घेऊन बाहेर. चार दिवसांचे पैसे भरून पिण्याला मिळतात तीन संध्याकाळी आणि एक दिवस. सात रात्रींच्या प्रवासात तीन-चार दिवस नुसता समुद्र असेल, तर गणित वेगळं निघेल, आणि मी ते मान्य करते. पण मुंबईची माणसं रजा जुळवून जातात ती बहुधा तीन-चार रात्रींसाठीच.

‘ग्रुपमध्ये एकाने घेतलं तरी भागतं’ हे वाक्य सगळ्यांत घातक. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही कंपन्यांचा नियम याच्या उलट आहे: एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं, तर त्या केबिनमधल्या पिण्याच्या वयाच्या सगळ्यांनी ते घ्यायचं. आपल्याकडची किती जोडपी अशी आहेत जिथे नवरा पितो आणि बायको सरबत घेते! त्यांचा हिशोब करून बघा. दोघांचे दिवसाला १६५.२०, पिणारा एक. म्हणजे त्या एकाला रोज बारा ग्लास रिचवावे लागतील. न पिणाऱ्याला बिनदारूचं, स्वस्त पॅकेज घेऊ देण्याची सवलत कधी विचारल्यावर मिळते, म्हणून आधी फोन करून विचारा, गृहीत धरू नका.

आणि पिण्याचं वय किती? महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी २५. पण आशियातून सुटणाऱ्या जहाजांवर रॉयल कॅरिबियन १८ धरते. माझी भाची एकोणीस वर्षांची आहे, ताई-भावोजींच्या केबिनमध्येच तिसऱ्या बेडवर झोपणार. तिने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. भावोजींनी पॅकेज घेतलं की नियमाने तिचंही घ्यावं लागणार. हे ऐकून ताई फोनवर दोन मिनिटं गप्प झाली.

ग्लास एकाच्या कार्डावर घ्यायचा आणि टेबलावर सहाजणांत फिरवायचा, हे मेसेजवाल्याच्या मनात असावं. प्रत्येक ड्रिंक आपल्या केबिनच्या कार्डावर स्वाइप होतं, एका वेळी एकच मिळतं, आणि कुणाला दिलेलं दिसलं तर पॅकेज काढून घेतात. पण ते काढून घेतात म्हणून करू नका असं मला म्हणायचं नाही. पैसे एकाचे देऊन सहाजणांनी पिणं ही चोरी आहे, आणि मुलांसमोर ती करू नये.

‘हवं तितकं’ याबद्दल. कार्निव्हलवर चोवीस तासांत १५ दारूच्या ड्रिंक्सची मर्यादा आहे, म्हणजे तिथे ‘हवं तितकं’ नाहीच. दुसरीकडे आकडा ठरलेला नसला तरी झिंगलेल्या माणसाला बारवाला नाही म्हणू शकतो. पण माझी खरी तक्रार मर्यादेबद्दल नाही. एकदा पैसे भरले की आपण पैसे वसूल करायला पितो, इच्छा म्हणून नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच फेरीला गेलो होतो. एजंटने सांगितलं म्हणून भावोजींनी पॅकेज घेतलं, नियमाप्रमाणे ताईचंही घ्यावं लागलं. घरी भावोजी शनिवारी दोन पेग घेणारे, शेंगदाणे-कांद्याबरोबर गप्पा मारत दोन तास लावणारे. जहाजावर दुसऱ्या रात्री मी त्यांना सहावा ग्लास मागताना पाहिलं. चेहऱ्यावर आनंद नव्हता, एखादं काम उरकायचं राहिलंय असा भाव होता. समुद्र थोडा उसळला होता म्हणून त्यांनी संध्याकाळीच ॲव्होमिन घेतली होती. या गोळीने आधीच गुंगी येते, त्यावर दारू पडली की ती आणखी वाढते. सकाळी फुकेत आलं. तिथे जहाज पतोंगच्या समुद्रात नांगर टाकून उभं राहिलं आणि माणसांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेत होते. आईला वाट चलोंगचं देऊळ बघायचं होतं, तिने आदल्या रात्रीच साडी काढून ठेवली होती. भावोजी दुपारी एकपर्यंत उठले नाहीत. ताई त्यांच्यापाशी थांबली. आई आमच्याबरोबर आली, पण सबंध वाट ‘ती दोघं असती तर’ हेच म्हणत होती. हे लिहू का, असं भावोजींना विचारलं. म्हणाले, लिही, कुणाचा एक दिवस तरी वाचेल.

गोळीचं आणि दारूचं वाकडं आहे हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. बोट लागते ती कानाच्या आतला तोल आणि डोळ्यांना दिसणारं स्थिर केबिन यांचं जुळत नाही म्हणून, आणि दारू त्याच तोलावर घाला घालते. बोट लागणाऱ्या माणसाने पॅकेजच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही असं जाहीर केलंय, तेही रोज सहाचा आकडा गाठायला निघण्याआधी लक्षात असू द्या.

पाण्याचं पटकन सांगते. बुफेत पाणी, चहा, साधी कॉफी फुकट असते, बहुतेक जहाजांवर सरबतही. जहाज समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून स्वतःच पिण्याचं पाणी बनवतं, काही बंदरातही भरून घेतं. ते पिण्याजोगंच असतं. पैसे पडतात बाटलीबंद पाण्याला, शीतपेयांना, कॅपुचिनोसारख्या कॉफीला. घरून एक रिकामी स्टीलची बाटली न्या, बुफेत भरून घ्या. आईने मागच्या वेळी तिची तांब्याची नेली होती, चार दिवस तिच्यावर काढले.

मुंबई–गोव्याला हेच लागू, हा गैरसमज कशातून आला ते मला कळतं. बॅलार्ड पिअरवरून २०२१ च्या सप्टेंबरपासून सुटू लागलेलं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून सेवेत आलं आणि पुढे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ नावाने रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होतं. त्यामुळे इंटरनेटवर त्या जहाजाची जुनी माहिती सापडते, डॉलरमधले दर आणि जुने नियम यांसकट. पण जहाज तेच असलं तरी आता कंपनी वेगळी, बिल रुपयांत आणि नियम या कंपनीचे. तिकीट काढताना त्यांच्याकडूनच लिहून घ्या: एका केबिनमधल्या सगळ्यांनी घ्यावं लागतं का, कोणते ब्रँड बसतात, कर धरून किती. आणि दोनच रात्री असतील तर वर सांगितलेला दिवसांचा हिशोब आणखी कडक होतो. पहिल्या दिवसाची संध्याकाळ आणि मधला एक दिवस, त्यातही गोव्याला उतरलात तर दिवसभर जहाजाबाहेर.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे. घ्यायचंच असेल तर आधी घ्या. जहाजावरच्या दरापेक्षा निघण्यापूर्वीचा ऑनलाइन दर बहुधा कमी असतो, मधूनच सवलतही लागते, आणि बऱ्याच कंपन्यांकडे निघण्याच्या काही दिवस आधीपर्यंत रद्द करून कमी दराने पुन्हा घेता येतं. फक्त कार्डाकडे लक्ष द्या. अनेक क्रेडिट कार्डं परदेशी चलनावर दोन ते साडेतीन टक्के वेगळे लावतात, आणि तेवढ्यात सवलत संपते.

घ्यावं असे लोकही आहेत. केबिनमधले दोघेही पिणारे, प्रवास सात रात्रींचा, बंदरं थोडी, सकाळी दोन कॅपुचिनो, दुपारी पोहण्याच्या तलावाकाठी दोन बिअर, रात्री वाइन. बाटलीबंद पाणी आणि मॉकटेलही पॅकेजमध्ये बसत असतील तर तीही मोजा. अशांनी घ्यावं, आणि बिलाकडे न बघता मजा करावी. वाइनच आवडत असेल तर रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलवर चढण्याच्या दिवशी प्रत्येक मोठ्या माणसाला ७५० मिलीची एक बंद बाटली सोबत नेता येते, हेही विचारात घ्या. बंदरावरच्या ड्युटी फ्रीमधली व्हिस्की मात्र जहाजावर चढताना ताब्यात घेतात आणि प्रवास संपताना परत देतात.

आमचा हिशोब रविवारी रात्री आईच्या डायनिंग टेबलावर झाला, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. बाबा रोज एक व्हिस्की: चार. माझा नवरा रोज दोन: आठ. भावोजी रोज दोन: आठ, त्यांनी स्वतः सांगितलेले. मी रोज एक: चार. एकूण चोवीस ग्लास, सर्व्हिस चार्जसह ३३९.८४ डॉलर. तिन्ही केबिनमध्ये कुणी ना कुणी पिणारं आहे, म्हणून नियमाने सातही जणांचं पॅकेज, ते २,३१२.८० डॉलर. ९० च्या दराने एकीकडे सुमारे साडेतीस हजार रुपये, दुसरीकडे दोन लाख आठ हजार. ताईने ते पान मोबाइलवर टिपलं आणि ज्या ग्रुपवरून मेसेज आला होता तिथे टाकलं. आई म्हणाली, उरलेल्यातून फुकेतला एक गाडी करा, सगळे एकत्र जाऊ, वाट चलोंगला.