लॅम्बर्ट मास्कारेन्हस 'फुकट' गेले?

गोव्याचे इंग्रजी पत्रकार-कादंबरीकार लॅम्बर्ट मास्कारेन्हस यांचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतंच, "पेपरबाजीत माणूस फुकट गेला, नाहीतर किती कादंबऱ्या लिहिल्या असत्या!" परवा फोंड्यात पुन्हा तेच ऐकलं. मला हे अजिबात पटत नाही.

कोलव्याचा हा माणूस, जन्म १९१४ चा. मुंबईत हॉर्निमनसारख्या जहाल संपादकाच्या 'बॉम्बे सेंटिनल'मध्ये त्यांचा हात बसला. तेव्हा गोव्यात काय छापायचं ते सेन्सॉर ठरवायचा. लग्नपत्रिकासुद्धा आधी पास करून आणावी लागे, असं आमचे आजोबा सांगत. म्हणजे 'श्रीकृपेकरून' यातही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला कट दिसायचा! असल्या काळात, १९५५ साली, त्यांची कादंबरी 'सॉरोइंग लाइज माय लँड' आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या सरहद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. कादंबरीतला तोबियास पोर्तुगीजांपुढे मान तुकवत नाही, आणि त्याची गोष्ट सांगतो त्याचा मुलगा. बातमीत अटक येते, तारीख येते. बाप सरकारविरुद्ध तोंड उघडतो तेव्हा घरातल्यांच्या पोटात कसा गोळा येतो, ते येत नाही. ते लिहायला कादंबरीच लागते, पण तिची धग आली ती पेपरवाल्याच्या पोटातूनच.

मुक्तीनंतर ते परतले आणि १९६६ मध्ये 'गोवा टुडे' काढलं. ओपिनियन पोल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही याचा कौल, तोंडावर आलेला. आमचं घर फुलवाल्यांचं, म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूचं, त्यामुळे इंग्रजी मासिकाला उंबऱ्याच्या आत थारा नव्हता. १६ जानेवारी १९६७ च्या मतदानात दोन पानं, म्हणजे विलीनीकरण नको म्हणणारे, ३४,०२१ मतांनी जिंकली आणि तो राग आमच्याकडे कितीतरी वर्षं पुरला. कवी बोरकर आम्हाला तोंडपाठ, हा लेखक मात्र कळला तो २०१५ च्या पद्मश्रीनंतर, त्यांनी शंभरी गाठल्यावर! वाचायचं नाही, आणि वर 'फुकट गेला' म्हणायला आम्हीच मोकळे.

घडी न बसलेल्या मुलखात दर महिन्याला अंक काढायचा, प्रुफं तपासायची, जाहिरातींसाठी लोकांच्या पायऱ्या झिजवायच्या, ही काय कादंबरीहून हलकी कामं? शिवाय कथा लिहिल्या, नाटक लिहिलं. (आपल्याकडे कथा मोजतच नाहीत, ते वेगळं.)

२०२१ च्या जूनमध्ये, वयाच्या १०६ व्या वर्षी ते गेले. कुणाच्या माळ्यावर 'गोवा टुडे'चे साठच्या दशकातले अंक असतील तर रद्दीत घालू नका, मला इनबॉक्समध्ये सांगा. वाचून परत देईन.