‘वजन गेलं की डिप्रेशनही जातं’ : या फॉरवर्डला उत्तर

नातेवाईकांच्या ग्रुपवर वजन कमी करण्यासाठी पोटावर होणाऱ्या ऑपरेशनबद्दल, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीबद्दल, एक मेसेज सारखा येतोय. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी, खाली मजकूर असा : ‘बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी करा, सहा महिन्यांत नवा जन्म. वजन गेलं की डिप्रेशन आपोआप जातं, त्याच्या गोळ्याही सुटतात. एवढे लाखो रुपये घालून कोणी तोंड पाडून बसत असेल, तर ते निव्वळ नखरे.’

त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच मेसेज पसरतो. तेव्हा आधी त्यातलं खरं मान्य करू. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात २०१६ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. या ऑपरेशनसाठी येणाऱ्यांपैकी साधारण १९ टक्के लोकांना डिप्रेशन असतं, आणि बहुतेक अभ्यासांत ते ऑपरेशननंतर कमी झालेलं दिसतं. म्हणजे ‘ऑपरेशन केलं की माणूस खचतोच’ हा दुसऱ्या टोकाचा मेसेजही तितकाच चुकीचा.

आता ‘आपोआप जातं’ याकडे. उदासी फक्त वजनामुळे आली असेल तर वजनाबरोबर ती जाईलही. पण कित्येकांच्या बाबतीत गाडी उलटी चाललेली असते. ऑफिसात बोलणी खाल्ली, घरी आल्यावर फरसाणाचा डबा उघडला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं, असं वर्षानुवर्षं. या ऑपरेशनचा एक प्रकार असलेल्या स्लीव्ह सर्जरीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. त्यानंतर डबा उघडला तरी दोन घासांत पोट गच्च होतं. बोलणी मात्र तशीच चालू. काही जणांचा हात मग दुसरीकडे वळतो. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दारूची समस्या असलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं, पहिल्या वर्षी जवळपास तेवढंच राहिलं आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलं. गॅस्ट्रिक बायपासनंतर (या दुसऱ्या प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) दारू रक्तात भराभर चढते, हेही त्यामागचं एक कारण.

‘सहा महिन्यांत नवा जन्म’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्यात कॅलेंडरच चुकलंय. पहिलं वर्ष बहुतेकांचं छानच जातं. वजनकाटा दर आठवड्याला खाली, जुने ड्रेस आल्टर करायला टाकलेले, सोसायटीत जो तो विचारतोय, ‘काय केलंस गं?’ स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णांना दहा वर्षं विचारत राहिले. जगणं किती बरं वाटतंय याचा आलेख पहिल्या वर्षाच्या आसपास शिखरावर होता. नंतर तो हळूहळू उतरला आणि सहाव्या वर्षापासून स्थिरावला, तोही ऑपरेशनपूर्वीपेक्षा वरच. उताराचा हा काळ फॉरवर्डमध्ये येत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांची ऑपरेशनआधीची आणि नंतरची तीन-तीन वर्षं तपासली, तेव्हा स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने रुग्णालयात यावं लागण्याचं प्रमाण नंतर सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. घाबरून जाऊ नका : असे रुग्ण होते १११, म्हणजे शंभरात एखादा, आणि त्यांतल्या बहुतेकांना मानसिक आजाराचं निदान आधीच झालेलं होतं. पण यातल्या जास्त घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या होत्या. तोवर ‘काय केलंस?’ विचारणारे पांगलेले असतात, आणि फॉलोअपची फाइल कपाटात गेलेली असते.

‘गोळ्या सुटतात.’ मधुमेहाच्या किंवा बीपीच्या कमी होऊ शकतात, त्याही डॉक्टरांनी केल्या तर. डिप्रेशनच्या गोळ्यांना तोच नियम लावणं धोक्याचं आहे. बायपासनंतर औषध शोषून घेण्याची रीतच बदलते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचा पुरेसा उपयोग न होता ती पुढे सरकू शकते, मग जुन्याच डोसवर माणूस पुन्हा उदास होतो. लिथियम या मानसिक आजारावरच्या औषधाचं उलट, त्याची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. तेव्हा सर्जन आणि सायकियाट्रिस्ट यांनी एकमेकांशी बोलायला हवं. आपल्याकडे हे निरोप्याचं काम बहुधा पेशंटलाच करावं लागतं.

राहिले ‘नखरे’. हा शब्द वापरण्याआधी रक्त तपासा. ऑपरेशननंतर बी-१२ हे जीवनसत्त्व अंगी कमी लागतं. त्याचा साठा यकृतात बराच काळ पुरतो, म्हणून कमतरता उशिरा, कधी दोन-तीन वर्षांनी उघडी पडते : थकवा, विसराळूपणा, चिडचिड, उदासी. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींचा तर हा साठा मुळातच तोकडा असतो. लोह आणि ड जीवनसत्त्वाचीही हीच बोंब. बी-१ मात्र काही आठवड्यांतच संपू शकतं. सारख्या उलट्या होत असतील आणि त्यात चालताना तोल जाणं, एका वस्तूच्या दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू झालं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणखी एक फसवं दुखणं : गोड खाल्ल्यानंतर एक-दोन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम, धडधड, हातांना कापरं. घरचे म्हणतात टेन्शन घेतलंय.

शिवाय घरचं ताट. लग्नाच्या पंगतीत चमचाभर मसालेभात वाढून घेतला की शेजारची मावशी म्हणणारच, ‘अगं, नैवेद्य दाखवतेस का?’ पहिल्यांदा हसू येतं, दहाव्यांदा उठून जावंसं वाटतं. लोंबणाऱ्या कातडीमुळे बिनबाह्यांचा ब्लाउज तसाच कपाटात. नातीही हलतात : स्वीडनमधल्या अभ्यासात ऑपरेशननंतर एकट्या असलेल्यांची लग्नं वाढली आणि जोडप्यांचे काडीमोडही वाढले. चांगल्या-वाईट दोन्ही बाजूंनी आयुष्य इतकं ढवळलं जात असताना रडू येणं म्हणजे नखरे कसे?

लाखो रुपयांचा मुद्दा तर अगदीच तकलादू. पैसे भरले म्हणून कुणाचा गुडघा दुखायचा थांबत नाही, मग मनाकडूनच ही पावती कशाला मागायची?

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर खाली एवढं जोडा. ऑपरेशन ठरवतानाच विचारून घ्या, की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फॉलोअपला कोण बघणार, त्यात समुपदेशक आहे का, बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व कधी कधी तपासणार. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सर्जनला आधीच दाखवा. ऑपरेशन होऊन गेलेलं असेल आणि दोन आठवडे मन थाऱ्यावर नसेल, किंवा जगणं नकोसं झाल्याचे विचार एकदा जरी आले, तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं.