अडीच फेऱ्यांचं स्टेअरिंग

कॉम्प्युटर गेममध्ये कीबोर्डवर गाडी चालवणं म्हणजे दिव्याच्या बटणाने वळण घेणं. बटण दाबलं की चाक पूर्ण डावीकडे, सोडलं की सरळ. मधलं काही नाहीच. म्हणून जुन्या बाजारात रविवारी पेडलसकट एक स्टेअरिंग दिसल्यावर मी घासाघीस करून ते घरी आणलं.

"मामा, नऊशे डिग्रीवालं आहे!" भाचा म्हणाला. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेऱ्या. मला एवढंच कळलं की हात दुखणार.

कॉम्प्युटरच्या टेबलाला सरकता ट्रे, त्यामुळे क्लॅम्प बसेना. स्टेअरिंग जेवणाच्या टेबलावर गेलं. ब्रेक दाबला की पेडल फरशीवरून घसरत फ्रिजकडे निघायचं, म्हणून पुढे गव्हाचा डबा लावला. शनिवारी आईने दळणासाठी तो उचलला आणि माझे ब्रेक फेल झाले.

एवढं करून गेमला स्टेअरिंग दिसेना. भाच्याने समजावलं: बरेच गेम एक्सइनपुट ही भाषा समजतात, ती २००५ सालच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलबरोबर आली, आपलं चाक जुनी डायरेक्टइनपुट बोलतं. मध्ये एक दुभाषी प्रोग्रॅम बसवला. त्याने चाकाला साधा गेमपॅड असल्याचं नाटक करायला लावलं, आणि गॅस व ब्रेक एकाच कांडीवर टाकले. दोन्ही एकदम दाबले की हिशेब शून्य, गाडी रमतगमत चाललेली. (निन्टेंडोने २००३ साली आपल्या गेमक्यूब कन्सोलसाठी कंट्रोलर म्हणून चक्क बोंगो ढोल काढले होते आणि लोक त्यांवरही भलतेच गेम खेळतात. त्यांच्या घरी वरण-भात वेगळ्या टेबलावर होत असावा.)

शेवटी चाकाची भाषा समजणारा गेम निघाला, यूरो ट्रक सिम्युलेटर २. पण या चाकाला फोर्स फीडबॅक होता, म्हणजे आतल्या मोटारी हिसके देतात. ट्रक दुभाजकाला घासला की समोरच्या वाटीतलं वरण टेबलक्लॉथवर. सिग्नल तोडला की दंडही कापला जायचा. हे मात्र मला फार परकं वाटलं.

बाबा पुण्याच्या शहर बससेवेत, पीएमटीत, ड्रायव्हर होते, २००७ मध्ये पीएमपीएमएल व्हायच्या आधीपासून. आठवडाभर ते नुसतं बघत होते.

"अडीच फेऱ्यांत कुठे गाडी वळते?" म्हणाले. "ऊठ."

बसले. खुर्ची पुढे ओढली, स्क्रीनवरचे दोन्ही आरसे पाहिले, डब्याला पाय लावून ब्रेक तपासला. आणि थांबले.

"चला ना बाबा, गॅस द्या."

"कशी देऊ? बेल कुठे झाली?"

आई देवघरात होती. तिने घंटा दोनदा वाजवली, आणि ट्रक निघाला.