साठ अधिक पंधरा

शनिवारच्या स्पर्धेसाठी मी डेकमधली फक्त दोन कार्डे बदलणार होतो. हे वाक्य मी आजवर इतक्या शुक्रवारी उच्चारले आहे की घरात आता त्यावर कोणी मानही वर करत नाही. रात्री साडेनऊला टेबलावर ७५ कार्डे शिस्तीत रांगेने मांडलेली होती. पावणेबाराला तिथे त्याच्या दुप्पट कार्डे, तीन खोडलेल्या याद्या, टोपण हरवलेले एक पेन आणि मी, असा ऐवज पसरला होता, आणि ज्या दोन कार्डांवरून हे सारे सुरू झाले ती कोणती, हे मला काही केल्या आठवत नव्हते.

'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाच्या वाटेला जे कधी गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी हिशेब थोडक्यात सांगतो. डेकमध्ये, म्हणजे खेळाडूने स्वतः जुळवलेल्या कार्डांच्या गड्डीत, किमान ६० कार्डे असावी लागतात. मूलभूत लँड (इतर कार्डांची किंमत ज्याने चुकवतात तो रंगारंगाचा 'मॅना' देणारी साधी कार्डे) सोडले तर कोणत्याही कार्डाच्या चारपेक्षा अधिक प्रती चालत नाहीत. आणि पहिला डाव संपल्यावर अदलाबदल करता यावी म्हणून बाजूला १५ कार्डांचा साइडबोर्ड ठेवता येतो. १९९३ साली हा खेळ बाजारात आला तो रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या प्राध्यापकाच्या डोक्यातून, हे मला फार उशिरा कळले. आधी कळते, तर शाळेतले माझे गणिताचे गुण आठवून मी वेळीच दुसरा नाद धरला असता.

या हिशेबातली खरी मेख अशी, की नवे कार्ड आत घ्यायचे तर जुने एक बाहेर काढावे लागते, आणि बाहेर काढायची वेळ आली की प्रत्येक कार्ड जुन्या भाडेकरूसारखे वागू लागते. एरवी महिनोन्‌महिने कोपऱ्यात गप्प बसलेले कार्ड हातात घेतले रे घेतले, की त्याने कधीकाळी जिंकून दिलेला एकमेव सामना डोळ्यांपुढे उभा राहतो. कमाल मर्यादा नियमात नाही, त्यामुळे ६१ कार्डे घेऊन खेळायचा मोह मला दर वेळी होतो. चार प्रती असलेले कार्ड सुरुवातीच्या सात कार्डांत येण्याची शक्यता साठच्या डेकमध्ये जेमतेम ४० टक्के असते. एकसष्टमध्ये ती ३९.४ होते. अर्ध्या टक्क्याने कोणाचे काय बिघडते, असे मी सरावाच्या मित्राला विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बिघडत काहीच नाही रे. एकसष्टावे कार्ड म्हणजे तुला साठावे ठरवता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ." असे मित्र सरावापुरतेच असावेत.

आता एकदा नीट बसून उत्तम डेक जुळवला की आयुष्यभराची ददात मिटली, असे असते तर मीही हे सुख भोगले असते. पण आड येतो तो मेटा. समोर कोण काय घेऊन येणार याचा जो अंदाज सगळेजण एकाच वेळी बांधत असतात, त्याला मेटा म्हणतात. ढोबळ मानाने तीन जाती सांगता येतील. घाईचे डेक चार-पाच पाळ्यांत समोरच्याचा निकाल लावायला निघालेले असतात. कंट्रोलवाल्याचा 'नाही' म्हणणे हाच व्यवसाय असतो. तुम्ही काहीही खेळलात तरी तो नाही म्हणतो आणि तुमची उमेद संपेपर्यंत म्हणत राहतो. कॉम्बोवाला आपली ठरावीक दोन-तीन कार्डे जुळेपर्यंत एकटाच खेळत असतो, आणि जुळल्यावरही एकटाच खेळत असतो. यांचे आपसात साधारण दगड-कागद-कात्रीसारखे चालते. फरक इतकाच की त्या खेळात कात्री दगडाच्या धास्तीने रात्रभर जागून स्वतःला कागदाचे अस्तर लावून घेत नाही. इथे लावते.

गेल्या शनिवारी गॉब्लिन नावाच्या बारक्या प्राण्यांच्या झुंडीचा एक घाईचा डेक स्पर्धा जिंकून गेला. म्हणजे या शनिवारी निम्मे लोक गॉब्लिन आणणार, उरलेले निम्मे गॉब्लिनांचा नायनाट करणारी कार्डे आणणार, आणि हे ज्यांना आधीच कळले आहे ते नायनाट करणाऱ्यांचा नायनाट करायला येणार. मी यांपैकी कोण, हा प्रश्न दर शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास माझ्यापुढे उभा राहतो. समोरच्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असणार, या जिन्याने मी दोन-तीन पायऱ्या चढतो. मग दम लागतो आणि ज्या पायरीवर दम लागला तिथलाच डेक घेऊन निघतो. परिणामी गेल्या शनिवारच्या स्पर्धेसाठी माझ्याइतका सज्ज खेळाडू दुसरा सापडणार नाही. वरातीमागून निघालेल्या घोड्यांची जिथे पागा असेल, तिथे माझा डेक शोभून दिसेल.

याचा सर्वांत जिव्हारी लागलेला अनुभव २०१९ सालचा. त्या जूनमध्ये 'मॉडर्न होरायझन्स' हा संच आला आणि त्यातून होगाक नावाचा ८/८ देहाचा (८ इजा करणारा आणि ८ इजा झाल्यावरच मरणारा) एक प्राणी खेळाच्या 'मॉडर्न' या स्पर्धाप्रकारात अवतरला. त्याची किंमत ७ मॅना, आणि वर त्याच्याच अंगावर छापलेले, की ही किंमत मॅना देऊन चुकवता येणार नाही. मग चुकवायची कशी, तर पटावरच्या आपल्या प्राण्यांना राबवून आणि बाद झालेली कार्डे जिथे साठतात त्या स्मशानातली कार्डे कायमची मोडीत काढून. हा प्राणी स्मशानातूनही खेळता येत असे, त्यामुळे त्याला मारणे हा त्याला पुन्हा बोलावण्याचाच एक प्रकार होता. उपाय म्हणून मी लेलाइन ऑफ द व्हॉइड या कार्डाच्या चार प्रती जमवायला घेतल्या. ते सुरुवातीच्या सातांत आले तर फुकट पटावर ठेवता येते आणि समोरच्याचे स्मशानच बंद पडते. शक्यता तीच, ४० टक्के. उरलेल्या वेळी ते मागाहून सावकाश येते, आणि तेव्हा त्याला ४ मॅना लागतात, त्यांतले दोन काळे. माझ्या लाल-हिरव्या डेकमध्ये काळ्याचा टिपूससुद्धा नव्हता. जुलैत होगाकच्या जोडीचे एक कार्ड बंद झाले, पण होगाक तरला. तेव्हा आता तो इथेच राहणार असे समजून मी धावपळ करून चौथी प्रत मिळवली आणि साइडबोर्डात तिची प्रतिष्ठापना केली. २६ ऑगस्टला होगाकवरच बंदी आली. त्या चार प्रती अजून माझ्याकडे आहेत; दृष्ट लागण्याइतक्या नव्याकोऱ्या.

पण शुक्रवारकडे परत येतो. मी बराच वेळ त्या जिन्यावर चढउतार केली आणि अखेर ठरवले, की समोर गॉब्लिनच येणार. गॉब्लिनांवर रामबाण म्हणजे पायरोक्लॅझम. दोन मॅना द्यायचे आणि पटावरच्या प्रत्येक प्राण्याला २ इजा करायची. बारीकसारीक सगळे झाडून साफ. डेकमध्ये त्याच्या दोन प्रती होत्या, मला तिसरी हवी होती, आणि तिच्यासाठी जागा करायला नेहमीप्रमाणे एकही भाडेकरू तयार नव्हता. अशा वेळी जगातला प्रत्येक खेळाडू जे करतो तेच मी केले. एक लँड काढले. लँड बिचारे मॅना देण्यापलीकडे काही करत नाही आणि त्याने सामना जिंकून दिल्याची आठवणही कोणाजवळ नसते, त्यामुळे पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. वास्तविक साठांत २४ लँड असताना सुरुवातीच्या सात कार्डांत दोन ते चार लँड येण्याची शक्यता ७७ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे पूर्ण २४ असतानासुद्धा दर चार-पाच हातांमागे एक हात एक तर उपाशी असतो, नाही तर अजीर्ण झालेला. हे आकडे मला पाठ आहेत. तरीही मी २३ वर आलो.

तिसरा पायरोक्लॅझम खरोखर लागतो का, हे पाहण्यासाठी आधी सराव करायचा होता, आणि ते कार्ड कुठल्या खोक्यात आहे हे शोधण्याचा कंटाळा आला होता. म्हणून मी कागदाचा एक कपटा कापला, त्यावर पेनाने 'पायरोक्लॅझम. २ मॅना. सगळ्यांना २. नक्की?' असे लिहिले आणि ज्या लँडला मी काढणार होतो त्याच डोंगराच्या (लाल मॅना देणाऱ्या लँडचे नावच डोंगर) प्लास्टिकच्या पाकिटात, त्याच्या तोंडावर, तो कपटा सरकवला. ('नक्की?' हा प्रश्न इजेच्या आकड्याला होता की एकूण निर्णयाला, हे आता सांगता येणार नाही.) सरावाचा मित्र एव्हाना झोपला असणार, त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळलो. उजव्या हातात माझा डेक, डाव्या हातात गॉब्लिन. उजव्या हाताला वाईट कार्डे आली की 'हा डाव धरायचा नाही' असे ठरे. डाव्या हाताला चांगली आली की 'इतकी चांगली कार्डे प्रत्यक्षात येत नसतात' म्हणून तो पुन्हा पिसायला बसे. दहा डावांत उजवा हात ८-२ असा जिंकला. डाव्याने कोणताही आक्षेप नोंदवला नाही. समाधानाने मी खोके धुंडाळून खरे तिसरे कार्ड काढले, सकाळी विसरू नये म्हणून दिव्याखाली ठेवले, यादी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि झोपलो.

पहिल्या फेरीत मला कॉम्बोवाला भेटला. त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. मी बहुतेक वेळ प्रेक्षक होतो. स्विस पद्धतीत सारख्या गुणांचे लोक एकमेकांसमोर येतात. झुरिकमधल्या १८९५ सालच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली, आणि तेव्हापासून पराभूतांना पराभूतांची सोबत मिळावी ही सोय तिने इमानाने सांभाळली आहे. दुसऱ्या फेरीला माझ्यासमोर कॉलेजातला एक मुलगा येऊन बसला. त्याने पहिल्याच पाळीला गॉब्लिन काढला. माझा अंदाज चक्क बरोबर आला होता! इतक्या वर्षांत हा प्रसंग नवा असल्यामुळे चेहरा कसा ठेवावा हे मला सुचेना.

माझ्या हातात लँड दोनच होते, आणि तिसऱ्याचे नाव नव्हते. तिसऱ्या पाळीपर्यंत समोर चार गॉब्लिन जमले. मी कार्ड ओढले. पायरोक्लॅझम! दोन लँड, दोन मॅना, चार गॉब्लिन. ज्या क्षणासाठी आदल्या रात्री जागलो तो क्षण हाच. योग्य कार्ड योग्य वेळी हातात आले होते. अडचण एवढीच, की ते कार्ड नव्हते. माझे स्वतःचे हस्ताक्षर निळ्या शाईत माझ्याकडे पाहत होते आणि विचारत होते, 'नक्की?'

मी हात वर करून पंचांना बोलावले. पंच फार सौजन्याने वागले, त्यामुळे अधिकच शरमल्यासारखे झाले.

"यादीत तर तीन पायरोक्लॅझम लिहिले आहेत तुम्ही. खरे कार्ड कुठे आहे?"

"घरी. दिव्याखाली."

दिव्याचा इथे संबंध काय, हे त्यांनी विचारले नाही. समोरच्या मुलाने मान तिरकी करून कपटा वाचला आणि अतिशय आदराने म्हणाला, "काका, हे 'नक्की?' पण कार्डावरच असते का?"

पंचांनी ताकीद दिली आणि सांगितले, की यादीतले कार्ड मिळत नसेल तर त्याच्या जागी मूलभूत लँड घालावे लागेल. मग त्यांनी पाकिटातून कपटा ओढून काढला, आणि मागून डोंगर बाहेर आला. डोंगर पोखरून उंदीर निघाल्याचे आजवर पुष्कळदा ऐकले होते. उंदीर ओढल्यावर डोंगर निघालेला पहिल्यांदाच पाहिला. पंचांनी माझ्या यादीतल्या तीनचे दोन केले, २३ चे २४ केले आणि शेजारी सही केली. म्हणजे शुक्रवारी रात्री साडेनऊला जो डेक टेबलावर होता, तोच आता माझ्यासमोर होता, फक्त अधिकृत सहीनिशी.

तो डाव मी हरलोच, कारण चार गॉब्लिनांना डोंगराचे भय वाटत नाही. दुसऱ्या डावात मात्र विलक्षण प्रकार घडला. मुलाने कपटा वाचला होता, त्यामुळे माझ्याकडे पायरोक्लॅझम आहेत हे तो धरून चालला होता. सगळे एकदम झाडले जाऊ नयेत म्हणून तो एका वेळी एक-दोनच गॉब्लिन पटावर ठेवी आणि बाकीचे हातात दाबून बसे. माझ्या हाती त्या संपूर्ण डावात एकही पायरोक्लॅझम आला नाही, आणि तो डाव मी आरामात जिंकलो. तिसऱ्या डावात त्याची भीती बरीचशी चेपली. मी एक खरा पायरोक्लॅझम खेळलो, त्याने त्यानंतरही तीन गॉब्लिन उभे केले, आणि आम्ही दोघे अशा अवस्थेत पोहोचलो की पुढच्या पाळीला मी मरणार हे दोघांनाही दिसत होते. पटावर माझे सात लँड होते. डेकमध्ये मला वाचवू शकणारी नऊ कार्डे उरली होती. मी ती मनातल्या मनात मोजली, भागाकार केला, आणि गारफिल्ड प्राध्यापकांचे स्मरण करून कार्ड ओढले.

डोंगर होता. त्याच्या आभाळात, डाव्या कोपऱ्याशी, निळ्या शाईचा पुसट डाग होता.