म्हणे, समुद्र सगळं पोटात घेतो

परवा मावशीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “ह्या खरा मां रे?” किनाऱ्यावरच्या सगळ्या ग्रुपांत तो फिरतोय. गावात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प होऊ देऊ नका, कारणं पाच: मिठाने जंतू मरतात, म्हणून घाण समुद्रात गेली तरी चालतं, घरोघरी सेप्टिक टँक आहेतच, प्रकल्पाच्या हवेने रोगराई पसरते, ते पाणी माडांना विष, आणि हे सगळं पैसे खायचं कुरण. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

पहिलं कारण वाचून माझं डोकंच फिरलं. मावशी सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, खाडीच्या तोंडाशी मुळे (शिंपले) काढायला जाते. तिथून पन्नास पावलांवर बाजारातलं सांडपाणी आणणारा व्हाळ (ओहोळ) खाडीला मिळतो. पाऊस ओसरला की त्याच्यावर करडी साय धरते. आता, ऊन आणि खारं पाणी मिळून मैल्यातले बरेच जीवाणू मारतात, एवढं खरं. पण पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू निमखाऱ्या पाण्यात सुखाने नांदतो आणि काविळीचा ‘हिपॅटायटिस ए’ विषाणू समुद्रात कित्येक आठवडे तग धरतो. त्यात मुळे, कालवं पाणी गाळूनच जगतात, म्हणजे पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठत जातं. १९८८ च्या सुरुवातीला शांघायमध्ये जवळजवळ ३ लाख लोकांना कावीळ झाली, ती मैलापाण्याने दूषित किनाऱ्यावरचे शिंपले अर्धेकच्चे खाऊन. तिकडच्या समुद्रात काय मीठ नव्हतं?

सेप्टिक टँकचं म्हणाल, तर टाकीत गाळ खाली बसतो, पाणी स्वच्छ होत नाही. ते शोषखड्ड्यातून आपल्या सच्छिद्र जांभ्या दगडात उतरतं आणि परड्यातली विहीर तिथून हाकेच्या अंतरावरच असते. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. आमच्या वाडीतली एक टाकी मी शाळेत असल्यापासून कुणी उघडलेली नाही. उपसलीच, तर ती गाडी कुठे रिकामी होते, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा गाडीमागून जाऊन बघावं.

हवेने रोगराई? उघड्या गटाराशेजारी उभं राहून वडापाव खाणाऱ्यांनी हे बोलू नये. माडांना विष म्हणे! घरगुती सांडपाण्यात नत्र असतं, स्फुरद असतं. नीट प्रक्रिया केलेलं पाणी माडाच्या आळ्यात खुशाल सोडा. कच्च्या खायच्या भाजीवर मारू नका, एवढंच.

राहिलं कुरण. इथे मात्र मला नाइलाजाने मान डोलवावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचीच २०२०-२१ ची आकडेवारी आहे: देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, उभारलेल्या प्रकल्पांची क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३६ वर. म्हणजे फीत कापून झाल्यावर यंत्रं गंजतात, हे खोटं नाही. मग वीजबिल कोण भरणार, चालवणारा माणूस कोण, पाण्याची तपासणी दर महिन्याला फलकावर लावणार का, हे सभेत उभं राहून विचारा. व्हाळ तसाच खाडीत सोडून कुणाचं कुरण बंद होणार आहे?

मावशीला एवढं सगळं लिहिलं नाही. फोन करून सांगितलं, व्हाळाच्या बाजूचे मुळे काढू नकोस. आणि शिंपांनी तोंड उघडलं की लगेच टोप उतरवतेस ना, तसं करू नकोस. पुढे चार-पाच मिनिटं चांगली खळखळून उकळी येऊ दे.

“मगे ते चिवट होतत,” म्हणाली.