कूलर, अर्थिंग आणि पंचवीस हजारांची इलेक्ट्रिक गिटार

कापसाचे चुकारे हाती आले की घरातल्या पोट्ट्यांच्या मागण्या सुरू होतात. मागणी इलेक्ट्रिक गिटारची असेल आणि खिशात 25 हजार असतील तर पहिली गोष्ट: गिटार, अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर), केबल, बॅग असं सगळं एकाच खोक्यात येणारं पॅकेज घेऊ नका. त्यातली गिटार एकवेळ निभावते, पण अ‍ॅम्प निव्वळ खेळणं असतो. 15 हजार गिटारला, 7 हजार अ‍ॅम्पला आणि 3 हजार केबल, तारांचे दोन सेट आणि सेटअपला, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट लावून घ्यायला, ठेवा. सेटअपचे पैसे वाचवले की चांगली गिटारही बोटं कापते, आणि दोन महिन्यांत ती दिवाणाखाली जाते.

ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, हंबकर जातीचा पिकअप (तारांचा कंप पकडणारं तारेचं वेटोळं) पाहिजेच. सिंगल कॉइल म्हणजे एकच वेटोळं. तारांसोबत ते घरातल्या विजेची 50 हर्ट्झची घरघरही उचलतं. हंबकरमध्ये दोन वेटोळी अशी जोडलेली असतात की घरघर आपसात कटते, तारांचा आवाज तेवढा उरतो. शेजारी कूलरची मोटर चालू असली की हा फरक बहिऱ्यालाही कळेल. यामाहाच्या पॅसिफिका 012 वर एक हंबकर आणि दोन सिंगल कॉइल आहेत. ही रचना नवख्याला सगळ्यात सोयीची. लॉकिंग ट्रेमोलो, म्हणजे दांडीनं सूर वरखाली करणारा आणि तारा जखडून ठेवणारा ब्रिज, मात्र नको. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात.

आता आपलं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, हवा ठणठणीत कोरडी. फ्रेटबोर्डचं, म्हणजे ज्यावर बोटं दाबतात त्या फळीचं, लाकूड आकसतं, तिच्यात आडवी बसवलेली फ्रेटची धातूची पट्टी मात्र आहे तेवढीच राहते. मग पट्ट्यांची टोकं कडेला बाहेर येतात आणि तळहात ओरबाडतात. घेतानाच नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) दोन्ही कडांवरून बोट फिरवून पाहा. दुकानातच टोचत असेल तर उन्हाळ्यात करवत होईल. आणि म्हणून गिटार कूलरसमोर ठेवणं हा उपाय नव्हे! त्या ओलीनं तारा गंजतात, लाकूड फुगतं. टिनाखालच्या माळ्यावरही नको. आतल्या भिंतीशी, बॅगेत ठेवा.

सहावी म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि पट्टी यांच्यात साधारण पाव मिलिमीटर फट हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी (लग्नपत्रिका नव्हे). फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) कसायचा, फट नसेलच तर ढिला करायचा. एका वेळी पाव फेरा, मग सूर लावून एक दिवस थांबा. जोर लावला तर रॉडच्या नटाचे आटे जातात, आणि ती दुरुस्ती गिटारच्या किमतीच्या जवळ जाते. नेक सरळ झाला की बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची 2 मिलिमीटर आणि बारीक तारेची दीड ठेवा.

अ‍ॅम्पमध्ये 8 इंची स्पीकर पाहा, वॉट नंतर. 10 चे 20 वॉट झाले तरी फरक फक्त 3 डेसिबलचा. हेडफोनची जागा असावी, रात्री शेजारी झोपतात. गिटार थेट होम थिएटरला जोडली तर आवाज दबका येतो, कारण पिकअपला गिटारसाठीचं हाय इम्पिडन्स (विजेला जास्त अडथळा देणारं) इनपुट लागतं.

शेवटचं, पण सगळ्यात आधी करायचं काम: अर्थिंग. तारांना हात लावला की घरघर कमी होते, तो बिघाड नाही. पण हाताला झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या बॉडीशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल तर अ‍ॅम्पमधली गळती थेट बोटांत येते. गिटार हातात असताना भजनी मंडळाच्या माइकला ओठ लागले आणि तो दुसऱ्या सिस्टिमवर असला, तर हा झटका जिवावर बेतू शकतो. म्हणून तिसरी पिन कापू नका, दोन पिनांचा जुगाड लावू नका. वायरमनला बोलवा आणि सॉकेटच्या फेज व अर्थमध्ये 100 वॉटचा टेस्ट लॅम्प लावायला सांगा. दिवा मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर अ‍ॅम्प खोक्यातच राहू द्या आणि आधी अर्थिंगचा खड्डा करून घ्या.